फक्त मिस वाचतील

२ जुलै २०२५, बुधवार

आज पाचव्या तासाला नववी ‘ब’ची पुन्हा वाटणी झाली. दर बुधवारी होते. घंटा झाली की कॅथलिक मुलं धर्मशिक्षणासाठी चॅपलमागच्या हॉलमध्ये जातात आणि उरलेली एकतीस मुलं मूल्यशिक्षणासाठी माझ्यापुढे बसतात. सेंट कॉलमनमध्ये मी एकवीस वर्षं मराठी शिकवते आहे आणि एकवीस वर्षं हा उरलेल्यांचा तास माझ्याकडे आहे. पुस्तकात ‘काटकसर’, ‘वक्तशीरपणा’ असे धडे आहेत. मी ते शिकवत नाही. मी मुलांना बोलायला शिकवते. माझ्या आजोबांना गावच्या चावडीवर तोंड उघडायची परवानगी नव्हती. त्या घरातली मी आज विहारात, संविधान दिनाला, कामगारांच्या मेळाव्यात दोन-दोन हजार माणसांपुढे बोलते. बोलता येणं हेच पहिलं मूल्य. बाकीची त्याच्या मागून येतात.

यंदा नवीन उपक्रम सुरू केला आहे, ‘मनाची वही’. दर बुधवारी वीस मिनिटं मनातलं लिहायचं. वह्या माझ्या कपाटात, कुलपात. पहिल्या पानावर सगळ्यांकडून एक ओळ लिहून घेतली : ‘ही वही फक्त मिस वाचतील.’ मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “आणि मिसचे मिस्टर?” वर्ग हसला. मीही हसले.

आजचा विषय होता, दूर असलेल्या माणसाला पत्र. फळ्यावर एकच नियम लिहिला. ‘मी’ म्हणून लिहा. ‘तो’ म्हणालात की वाचणारा लांब बसतो, ‘मी’ म्हणालात की उठून जवळ येतो. मुलांना याची सवय असतेच. मराठीच्या पेपरात आत्मवृत्त येतं, फाटकी छत्री बोलते, पडकी विहीर बोलते. पाचवीपासून ही मुलं दुसऱ्याचं ‘मी’ लिहीत आलेली आहेत.

९ जुलै

वह्या वाचून काढल्या. अमरावतीची आजी, अमेरिकेतला मावसभाऊ, मेलेला कुत्रा. सगळं गोड आणि मिळमिळीत. आणि मग नम्रता राऊत.

ही मुलगी दोन वर्षांपूर्वी सातवीत वाशीमहून आली. वडील दुबईला, आई विमाननगरच्या एका ऑफिसात हाऊसकीपिंगला, घर येरवड्यात. वर्गात तोंड उघडत नाही. तिने पत्र लिहिलं आहे तुरुंगातल्या बापाला. उतरवून ठेवते :

‘बाबा, मंगळवारी आई माझे केस फार घट्ट बांधते, तुम्हाला काचेतून नीट दिसावी म्हणून. रांगेत एक बाई विचारते, तुझं कोण आहे आत. मी म्हणते, मामा. तुम्ही फोन उचलला की आधी जेवलीस का विचारता, जसं काही मीच आत आहे. मागच्या वेळी मी प्रगतिपुस्तक काचेला लावलं तर तुम्ही बोटाने काचेवर सही केलीत. खालची रेघसुद्धा ओढलीत.’

मी खुर्चीवरून उठले. चौदा वर्षांची मुलगी आणि काचेवरची सही. हे सुचतं कुठून? मुरलेल्या लेखकाला असं एक वाक्य सापडायला वीस वर्षं लागतात. येता-जाता तुरुंगाची भिंत बघत असणार आणि कल्पनेने त्या भिंतीपलीकडे शिरली. मी ‘मी’चा नियम सांगितला आणि एका मुलीने तो खरोखर ऐकला. शिक्षकाला आणखी काय हवं असतं?

१० जुलै

मधल्या सुट्टीत नम्रताला स्टाफरूमच्या दाराशी बोलावलं. म्हटलं, “हे सगळं कल्पनेनं लिहिलंस ना?” ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “हो मिस.” मी म्हटलं, “शाब्बास. यावर मी आंतरशालेय वक्तृत्वाचं भाषण बेतणार आहे. आपल्या वर्गातली सृष्टी करेल. तुला चालेल ना?” तिने मान हलवली आणि घंटा झाली. जाता जाता विचारलं, “मिस, वही परत मिळेल का?” म्हटलं, सहामाही झाल्यावर सगळ्यांबरोबर.

लाजते फार. कौतुकाची सवय नाही.

१४ जुलै

भाषण लिहून झालं. ‘काचेवरची सही’, सात मिनिटं. मला माहीत असलेल्या सगळ्या शाळांत वक्तृत्वाचं भाषण शिक्षकच लिहितात आणि मुलं पाठ करतात. परीक्षकांना ते ठाऊक असतं, पालकांनाही. यात लपवाछपवी नाही, गायकाला चाल कुणीतरी देतंच. नम्रताच्या पत्राला मी कणा दिला. खटला उभाच राहत नाही म्हणून वर्षानुवर्षं आत सडणारी गरीब माणसं आणली. बाप काचेपलीकडे हुंदके देतो ते आणलं. शेवटी मुलगी म्हणते, ‘माझे बाबा निर्दोष आहेत, आणि तुम्ही सगळे गप्प आहात म्हणून तुम्ही दोषी आहात.’ इथे सात सेकंद थांबायचं. लाल पेनाने खूण केली आहे.

नम्रताला का दिलं नाही? तिचा आवाज तिसऱ्या बाकापुढे जात नाही. सृष्टी तीन वर्षं जिंकते आहे. तिचे वडील हिंजवडीत मोठ्या पगारावर, घरी गाडी-ड्रायव्हर, पण मंचावर उभी राहिली की कुणाचंही दुःख अंगावर घेते.

भीमरावांना वाचून दाखवलं. माझे मिस्टर पोस्टातून निवृत्त झाल्यापासून माझे पहिले श्रोते आहेत आणि सर्वांत कंजूष. चष्मा पुसत म्हणाले, “ती सही चांगली आहे. बाकी तू आहेस.”

मी ते कौतुक समजते.

२२ जुलै, मंगळवार

घटक चाचणीची प्रगतिपुस्तकं परत गोळा केली. नम्रताच्या पुस्तकावर वडिलांच्या रकान्यात आईची सही. आज नम्रता मधल्या सुट्टीनंतर आली. हजेरीपटात पाहिलं तर एक मंगळवार सोडून एक मंगळवार तिचा अर्धा दिवस पडतो. ऑफिसात आईला सुट्टी नसेल, घरचं काम हिच्यावर येत असेल. समज दिली. म्हटलं, “नववी आहे, खेळ नाही.” “हो मिस,” म्हणाली. या मुलीला ‘हो मिस’पलीकडे दोन शब्द येतात आणि ते तिने वहीत खर्च केले.

२ ऑगस्ट, शनिवार

पहिला क्रमांक. शनिवार पेठेतला तो हॉल मी वीस वर्षं पाहते आहे, असा गप्प झालेला कधी पाहिला नव्हता. सृष्टीने हात पुढे केला, हवेत काच धरली आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने सही केली. खाली रेघ ओढली. एक परीक्षक रुमाल शोधत होते. ‘तुम्ही दोषी आहात’नंतरचे सात सेकंद तिने दहा केले आणि कुणी खोकलंसुद्धा नाही.

आमच्या शाळेची चाळीस मुलं टाळ्यांना नेली होती. सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या नम्रता वाजवत होती. बाकीचे थांबले तरी तिचे हात चालूच. मी लांबून तिला अंगठा दाखवला. मनाशी म्हटलं, बघ, तुझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

बसमध्ये सृष्टी म्हणाली, “मिस, एक काकू मला मिठी मारून विचारत होत्या, बाबा कधी सुटतील. मी काय सांगू? माझे बाबा खाली पार्किंगमध्ये होते.” बसभर हशा. विभागाची अंतिम फेरी तेवीस तारखेला.

६ ऑगस्ट

आयोजकांनी भाषणाचा व्हिडिओ टाकला. चार दिवसांत हजारो लोकांनी पाहिला. विहारातून बुद्धभूषणचा फोन, “ताई, ही लेखणी तुमचीच. दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही.” हा पोरगा आमच्याकडची व्याख्यानमाला चालवतो आणि माझी वाक्यं मला तोंडपाठ म्हणून दाखवतो. बरं वाटलं. का लपवू?

७ ऑगस्ट

सकाळी वर्गात गेले तर फळ्यावर मोठ्या अक्षरात एकच शब्द होता : ‘मंगळवार’. बाजूला आडव्या-उभ्या रेघांची जाळी. मला वाटलं वेळापत्रक लिहायला घेतलं असेल. पुसायला सांगितलं. कुणी उठेना. मग सृष्टी उठली आणि डस्टर न घेता हातानेच पुसला.

नम्रता गैरहजर. सोमवारपासून आलेली नाही. ताप असेल.

८ ऑगस्ट, शुक्रवार



दहा वाजता प्रिन्सिपॉल फादर तुस्कानोंनी ऑफिसात बोलावलं. समोर एक बाई बसली होती, निळ्या हाऊसकीपिंगच्या गणवेशात, ओळखपत्र गळ्यात. मुक्ताई राऊत, नम्रताची आई. टेबलावर अर्ज. शाळा सोडल्याचा दाखला हवा.

मी म्हटलं, “अहो, वर्षाच्या मध्ये? मुलगी हुशार आहे. तिच्या कल्पनेवर बेतलेल्या भाषणाला पहिला क्रमांक मिळाला, तुम्हाला माहीत आहे का?”

बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, “माहीत आहे न. ऑफिसात जेवताना एका पोरीनं मोबाइल माझ्यापुढं धरला. म्हणे, मावशी बघा, रडायला येते. म्या पाहिलं. घास हातात होता.”

मला अजूनही समजलं नव्हतं. हे इथे स्वच्छ लिहून ठेवते. एकवीस वर्षं शिकवणारी, घरात तीन कपाटं पुस्तकं असणारी मी, त्या क्षणापर्यंत मला समजलं नव्हतं.

“मॅडम,” बाई म्हणाल्या, “तिचा बाप दुबईला नाही.”

फादर खिडकीकडे पाहत होते. बाहेर पीटीचा तास चालला होता, शिट्टी वाजत होती. बाई हळू आवाजात बोलत राहिल्या. दोन वर्षांपूर्वी वाशीमचं घर बंद करून त्या इथे आल्या ते नवऱ्याच्या भेटी पायी जाऊन घेता याव्यात म्हणून. घरमालकाला सांगितलं दुबई. शाळेत सांगितलं दुबई. धाकट्या मुलीलाही तेच सांगितलं, ती पहिलीत आहे. “हिला न्यायची नव्हती म्या. हीच म्हणे, मी येणार. तोंडाला स्कार्फ बांधून नेतो आम्ही. दोन वर्षं कोणाले वास नाही लागू दिला. तुमच्या वर्गातल्या पोरायनं मंगळवार मोजले आन् दोन दिवसांत काढलं शोधून.”

भाषणातला मंगळवार मी तसाच ठेवला होता. मुलांनी मोजले. हजेरीपट माझ्याकडे होता.

मी म्हटलं, “मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, कल्पना आहे.”

“मंग काय म्हणणार होती ते? स्टाफरूमच्या दारात?”

अर्जावर वर्गशिक्षिकेची सही लागते. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. मला पेन उघडता येईना. फादर म्हणाले, “बाई, सोमवारपर्यंत वेळ द्या.” त्या उठल्या. दारातून वळून म्हणाल्या, “घ्या. तुमाले लिहिता येते, तुम्हीच लिहा दाखल्यावर कारण.”

८ ऑगस्ट, संध्याकाळ

शाळा सुटल्यावर फादरांनी थांबवलं. वसईचा माणूस, बोलतो कमी. त्यांनी कपाटातून नम्रताची वही मागितली. पहिलं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. मी वाचलं नाही, मला पाठ होतं.

“नाव बदललं होतं मी,” मी म्हटलं.

“मॅडम, आमच्याकडे माणूस कबुलीला येतो तेव्हा मध्ये जाळी असते. सत्तावीस वर्षं मी त्या जाळीला कान लावून आहे. त्यातलं एक वाक्य प्रवचनात घेतलं असतं तर दर रविवारी चर्च भरून वाहिलं असतं. घेतलेलं नाही.”

मला राग आला. खरं तेच लिहिते, लाज नंतर वाटली, आधी राग आला. म्हटलं, “फादर, तुमच्याकडे गोष्ट जाळीत मुरते. आमच्याकडे माणसं चौकात उभी राहून बोलली म्हणून माणसं झाली. दुःख झाकलं की ते झाकणाऱ्यालाच गुन्हेगार करतं. मी हे आयुष्यभर सांगत आले.”

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “ती माणसं बोलली. ही बोलली नाही. तुम्ही बोललात.”

आयोजकांना फोन करून त्यांनी व्हिडिओ काढायला लावला. तो निघेल. मोबाइलमधला कोण काढणार?

मी विचारलं, “वडील आत कशासाठी आहेत?”

“ते आपल्याला कळायची गरज आहे का?” फादर म्हणाले आणि दिवा बंद करायला उठले.

१० ऑगस्ट, रविवार

दोन दिवस एकच दृश्य डोळ्यांपुढे आहे, ती मान हलवते आणि घंटा होते. वर-खाली की आडवी? मला आठवत नाही. मी पाहिलंच नसणार. पाहायची गरजच वाटली नसणार.

माफीचं पत्र लिहिलं. आठ पानं. सोमवारी प्रार्थनेच्या वेळी ते सगळ्या शाळेसमोर वाचायचं ठरवलं. तुरुंगात बाप असणं ही लाज नाही, या येरवड्याच्या भिंतीमागे या देशातली केवढी मोठी माणसं राहून गेली, लाज वाटायची तर फळ्यावर लिहिणाऱ्यांना वाटू दे. भीमरावांना वाचून दाखवलं. त्यांनी पानं हातात घेऊन चाळली. मग म्हणाले, “चांगलं भाषण आहे.”

मी म्हटलं, “भाषण नाही, माफी आहे.”

“सात सेकंद कुठे थांबायचं त्याची खूण दिसली मला.”

पाहिलं. पाचव्या पानावर लाल पेनाची खूण होती. मी केव्हा केली ते मला माहीत नाही.

११ ऑगस्ट

प्रार्थनेला काही वाचलं नाही. फादरांकडून दाखल्यासाठी आणखी एक दिवस मागून घेतला.

सृष्टी मधल्या सुट्टीत आली. तिच्या हातात भाषणाचे कागद होते. “मिस, मी फायनलला हे नाही करणार.” मी म्हटलं, करायचं नाहीच आहे. ती तरी उभी. “मिस, तुम्हाला माहीत होतं?” नाही म्हटलं. “प्रॉमिस?” म्हटलं, हो.

“मला त्या दिवशीपासून झोप नाही. मला लिटरली वाटत होतं मी किती भारी केलं. मी आरशासमोर प्रॅक्टिस केली सहीची. शंभर वेळा केली असेल. आणि ती समोर बसली होती मिस, दुसऱ्या रांगेत.” मग म्हणाली, “मी तिच्या घरी गेले होते काल. तिने दार उघडलं, मला पाहिलं, पाणी दिलं आणि म्हणाली, गणिताचं कुठपर्यंत झालं. मी वही दिली आणि आले.”

सॉरी म्हणालीस का, असं मी विचारलं. ती म्हणाली, “तिने म्हणू दिलं नाही.”

पंधरा वर्षांची मुलगी जे एका दिवसात करून आली ते मी आठ पानांत करू शकले नव्हते.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज भेटीचा मंगळवार नव्हता हे पाहून गेले. काही लिहून नेलं नाही. वही नेली.

एक खोली, भिंतीला लागून शिलाई मशीन, धाकटी अंगणवाडीसमोर खेळायला गेलेली. मुक्ताईबाई कामावरून नुकत्या आलेल्या, त्यांनी खुर्ची दिली आणि स्वतः उभ्या राहिल्या. नम्रता भाजी निवडत होती. मी वही तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, “मी चुकले.” पुढची वाक्यं तयार होती. ती गिळली.

ती मेथीची पानं तोडत राहिली. मग म्हणाली, “मिस, सृष्टीला रागावू नका. ती छान बोलली.”

“मला माहीत आहे.”

“पण बाबा रडत नाहीत.” ती पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलत होती. “तुम्ही लिहिलंत ते हुंदके देतात. ते जोक सांगतात. फोन उचलला की पहिला जोक. अर्धी भेट जोकमध्येच जाते, आई चिडते. सगळे रडत होते हॉलमध्ये आणि मला वाटत होतं हे कोणाचे बाबा आहेत.”

आई म्हणाली, “नम्रता.”

“सांगू दे ना आई. आणि मिस, ते निर्दोष आहेत असं तुम्ही लिहिलंत. ते असं कधी म्हणाले नाहीत आम्हाला.”

पुढचा प्रश्न माझ्या जिभेवर होता. कुणाच्याही आला असता. मी विचारला नाही. खोलीत कुकरची शिट्टी झाली आणि मुक्ताईबाईंनी गॅस बारीक केला.

मी म्हटलं, सगळ्या शाळेसमोर तुमची माफी मागायला तयार आहे.

“कोणासमोर मागता?” मुक्ताईबाई म्हणाल्या. “ज्यायले माहीत नाही त्यायलेही माहीत करून देता?”

हे मला सुचलं नव्हतं. तीन कपाटं पुस्तकं आणि हे सुचलं नव्हतं.

मग दाखल्याचं बोलणं निघालं. दुसरी शाळा दोन बस बदलून आहे, भेटीच्या दिवशी तिथे पोचता यायचं नाही, म्हणजे एक तर शाळा बुडेल नाही तर बाप. नम्रता म्हणाली, “मी जाणार नाही. फळ्यावर लिहू दे काय लिहायचं ते. कंटाळतील.” आई म्हणाली, “आन् या?” आणि माझ्याकडे बोट केलं. नम्रता भाजीचं ताट उचलून गॅसपाशी गेली.

मुक्ताईबाई दारापर्यंत आल्या. आवाज चढवला नाही. “मॅडम, तिची इच्छा आहे तं राहू द्या तिले. पण तुमच्या हाताखाली नाही. वर्ग तुमचा नको, तास तुमचा नको. पोरगी तुमच्यापुढं बसली की तुम्ही तिच्याकडं बघसाल, आन् तिले वाटत राहीन आता आपलं काय उचलतात.”

मी हो म्हटलं. खाली उतरल्यावर माझ्या लक्षात आलं मी कशाला हो म्हटलं होतं.

१४ ऑगस्ट

नववी ‘ब’ सोडली. मराठी सोडलं त्या वर्गाचं, मूल्यशिक्षण सोडलं, वक्तृत्वही. मला आता पाचवी आणि सहावी. उरलेल्या तीस वह्या आज मी एकेकाच्या हातात परत दिल्या. फादर म्हणाले, “स्टाफला काय कारण सांगू?” मी म्हटलं, काही सांगू नका. “तर्क करतील.” करू देत.

अंतिम फेरीतून नाव मागे घेतल्याचा ईमेल आयोजकांना मीच लिहिला. कारण विचारलं होतं. मी लिहिलं, ‘भाषण आमचे नव्हते.’ मला वाटलं या एका ओळीने हायसं वाटेल. तासाभराने त्यांचं उलट उत्तर आलं, ‘प्रामाणिकपणाबद्दल अभिनंदन.’ मी ईमेल बंद केला.

दाखल्याचा अर्ज फादरांनी मुक्ताईबाईंना परत दिला. त्यांनी घडी करून पर्समध्ये ठेवला, फाडला नाही.

१८ ऑगस्ट

बुद्धभूषणचा फोन. नेहमीचा नमस्कार नाही, थेट विषयावर.

“ताई, शाळेत काय चाललंय? माझी भाची सातवीत आहे तुमच्याकडे. म्हणते, मिसचा वर्ग काढून घेतला, वक्तृत्व काढून घेतलं. पहिला क्रमांक आणल्यावर? तुरुंगातल्या गरिबांवर भाषण लिहिलं म्हणून?”

मी म्हटलं, तसं काही नाही.

“मग कसं आहे? आम्ही आहोत ना ताई. उद्या विहारात बैठक घेतो. परवा दीडशे माणूस गेटवर उभा करतो. एकवीस वर्षं राबवून घेतलं आणि आपली बाई जरा बोलली की पाचवीला टाकली. याला अन्याय नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?”

त्याच्या आवाजात माझाच आवाज होता. तीच चढण, तोच थांबा. वीस वर्षं मी जे पेरलं ते फोनवर मला ऐकू येत होतं आणि एका क्षणी, खरं लिहिते, मला ते गोड वाटलं. मी हो म्हटलं असतं तर परवा गेटवर दीडशे माणसांनी माझ्या नावाच्या घोषणा दिल्या असत्या. फादर तुस्कानोंना खुलासा करावा लागला असता. आणि खुलाशात ती मुलगी आली असती.

“अन्याय झालेला नाही,” मी म्हटलं. “मीच सोडलं.”

“का?”

मी काही बोलले नाही.

“ताई, तुम्हीच आम्हाला शिकवलं, जो गप्प बसतो तो त्यांच्या बाजूचा. आज तुम्ही गप्प?”

“हो.”

“म्हणजे लोक म्हणतात ते खरं? कायम नोकरी, पेन्शन जवळ आली, म्हणून?”

“बुद्धभूषण, बैठक घेऊ नकोस. एवढं ऐक माझं.”

तो म्हणाला, “संविधान दिनाचं यंदा दुसऱ्या कुणाला सांगतो,” आणि फोन ठेवला.

भीमराव दारात उभे होते. काय झालं विचारलं नाही. चहा टाकला. त्यांना सगळं माहीत आहे आणि त्यांनीही कुणाला सांगितलेलं नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, याची किंमत मला आज कळली.

२० ऑगस्ट, बुधवार

पाचवीला ‘माझा आवडता प्राणी’. बत्तीस मुलांपैकी एकोणीस जणांचा कुत्रा.

पाचव्या तासाची घंटा झाली. कॅथलिक मुलं रांगेने चॅपलमागे गेली. उरलेल्यांचा तास आता दुसऱ्या बाई घेतात, पुस्तकातला धडा घेतात. मला त्या बाजूने स्टाफरूमकडे जायचं होतं, दुसरा रस्ता नाही. लांबूनच आवाज येत होता, कुणीतरी मोठ्याने धडा वाचत होतं. नवीन बाई म्हणाल्या, “राऊत, पुढचं तू वाच.” बाक सरकल्याचा आवाज झाला.

मी दारावरून गेले. आत पाहिलं नाही.